चिखलातील जांभळे जीवाणू आणि विषारी सांडपाणी

कारखान्यांच्या सांडपाण्यातील अनेक विषारी सेंद्रिय द्रव्यांचा गाभा म्हणजे सहा कार्बन-अणूंचे बेंझिनचे कडे. ते सहजासहजी फुटत नाही. प्राणवायू असेल तेथे काही जीवाणू त्याच्याच साहाय्याने ते फोडतात. परंतु तळच्या चिखलात प्राणवायू नसतो. अशा जागी ऱ्होडोस्यूडोमोनास पालुस्ट्रिस हा जांभळा जीवाणू कामास येतो. ‘पालुस्ट्रिस’ म्हणजे दलदलीतला. नाव सार्थच आहे.

हा जीवाणू सूर्यप्रकाशापासून ऊर्जा मिळवितो, मात्र वनस्पतींप्रमाणे प्राणवायू सोडीत नाही. बेंझोएटसारखे द्रव्य तो प्रथम को-एन्झाइम-ए या रेणूशी जखडतो. मग कड्याला इलेक्ट्रॉन पुरवून त्याचे स्थैर्य मोडतो व अखेर ते उघडतो. सुट्या झालेल्या कार्बनावर त्याची स्वतःची पेशी वाढते. त्याचा संपूर्ण जनुकसंच २००४ साली प्रसिद्ध झाला.

भातखाचरात नत्रासाठी परिचित असलेल्या नील-हरित शैवालांपैकी अनाबीना ही लिंडेन या कीटकनाशकाचे विघटन करू शकते, असे १९९५ मध्ये दाखविण्यात आले.

तथापि गढूळ पाण्यात प्रकाश खोलवर पोहोचत नाही, विषाची मात्रा फार झाल्यास जीवाणूच मरतात आणि पारा, शिसे ही तर मूलद्रव्ये. त्यांचे विघटन होणारच नाही. म्हणून जीवाणू सोडून नाल्याचे पाणी शुद्ध केल्याचा दावा कोणी ग्रामपंचायतीपुढे मांडल्यास, पाणी वापरात आणण्यापूर्वी प्रयोगशाळेचा तपासणी-अहवाल मागून घ्यावा.