लस थंड हवी, पण गोठलेली नको!

द्राक्षाच्या पेटीला थंड गाडी लागते आणि संकलन केंद्रावरचे दूध लगेच थंड करावे लागते, हे तुम्हाला सांगायला नको. औषधांच्या धंद्यातही आता हीच तऱ्हा झाली आहे. पूर्वी औषध म्हणजे गोळी, पूड किंवा बाटलीतले मिश्रण. फडताळात ठेवले की झाले! आता लसी, इन्शुलिन, कर्करोगावरची नवी इंजेक्शने अशी जिवंत पेशींच्या मदतीने तयार होणारी औषधे वाढत चालली आहेत. त्यांतली बहुतेक २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच सांभाळावी लागतात. म्हणून थंड गाड्या, जाड भिंतींची खोकी आणि वाटेतले तापमान टिपून ठेवणारी लहान यंत्रे यांना मागणी आली आहे.

१२ जानेवारी २०२१ रोजी पुण्याहून कोव्हिशील्डची पहिली खेप थंड गाड्यांतून विमानतळाकडे निघाली, ते तुम्हाला आठवत असेल. ही लस साध्या फ्रीजच्या थंडाव्यात राहणारी, म्हणून ती प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचू शकली. फायझरच्या लसीला सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास थंडी लागे. तशी पेटी आपल्या तालुक्याला कोण ठेवणार?

खरी अडचण शेवटच्या दहा-पंधरा मैलांची. मोठ्या रस्त्यावर, मोठ्या इस्पितळापर्यंत कंपन्या पैसा ओततात. पुढची वाट गिऱ्हाइकाच्या पिशवीवर सोडलेली असते.

उन्हाने लस बिघडते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण थंडीनेही बिघडते, हे फार थोड्यांना! धनुर्वाताच्या लसीत ॲल्युमिनियमच्या क्षाराचे बारीक कण असतात आणि लसीचा गुणकारी भाग त्यांना चिकटलेला असतो. लस गोठली की या कणांच्या गुठळ्या होतात. मग ती वितळली तरी पहिल्यासारखी होत नाही. फासलेले दूध पुन्हा जुळते का? जनावरांच्या लाळ्या-खुरकूत लसीचेही तेच. म्हणून फ्रीजरमधून काढलेला बर्फ थेट कुपीला टेकवू नका. जाणकार आरोग्यसेविका बर्फाची डबी थोडा वेळ बाहेर ठेवते, हलवून आत पाणी खुळखुळते का ते पाहते आणि मगच ती लसीच्या पेटीत घालते.

सरकारी लसीच्या बऱ्याच कुप्यांवर एक वर्तुळ आणि त्यात चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस उन्हातून बचावली आहे. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन गडद झाला, तर ती टोचू देऊ नका. मात्र लस गोठून गेली असेल, तर ते या खुणेवरून कळत नाही.

आता कारखानदार बर्फाचीच गरज कमी करू पाहत आहेत, आणि खेड्याच्या दृष्टीने आम्हाला हीच बातमी मोठी वाटते. सर्पदंशावरचे औषध भुकटीच्या रूपात मिळते, ते फ्रीजशिवाय थंड जागी राहते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने लहान मुलांच्या जुलाबावरील रोटाव्हायरस लसही भुकटीच्या रूपात काढली, तीही फ्रीजबाहेर कित्येक महिने टिकते.

घरी इन्शुलिन असेल तर न उघडलेली कुपी फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवा. वापरातली कुपी साधारण चार आठवडे बाहेर चालते. नेमकी मुदत वेष्टनावर पाहा. उन्हाळ्यात वीज गेली, तर कोरड्या पिशवीत घालून ती मडक्यात ठेवा आणि मडक्याला ओले फडके गुंडाळून ते सावलीत ठेवा.