पदर कोणत्या खांद्यावर?

गेल्या मे महिन्यात माझ्या पुतणीच्या लग्नाचा स्वागतसमारंभ होता. वधूवरांना भेटायला रांग होती, आइस्क्रीमला रांग होती. पण सर्वांत मोठी रांग होती दारालगतच्या कोपऱ्यात. तेथे ‘फोटो बूथ’ मांडला होता. मागे जरीचा पडदा, समोर एका उभ्या पेटीत कॅमेरा, त्याच्याखाली दूरचित्रवाणीसारखा काचेचा पडदा आणि शेजारी टेबलावर फेटे, खोट्या मिशा, मोठाले चष्मे. बटण दाबायचे, तीन आकडे मोजायचे, की झगझगीत प्रकाश पडतो आणि पाऊण मिनिटाच्या आत रंगीत फोटो हातात!

माझी आत्या पंचाहत्तरीची. नाही-नाही म्हणत ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि पडद्याकडे पाहून ओरडलीच, “अगं बाई! माझा पदर उजव्या खांद्यावर कसा?” तिने खांदा चाचपला. पदर डाव्याच खांद्यावर होता. पुढे फोटो आला, त्यातही तो डाव्याच खांद्यावर होता. पण आता आत्याची दुसरीच तक्रार. “हा चेहरा माझा नाही. तोंड वाकडं दिसतंय. अरे, तू कॉलेजात शिकवतोस ना, सांग बघू काय घोटाळा आहे!”

मित्रहो, घोटाळा यंत्रात नव्हता. कॅमेऱ्यासमोरचा तो पडदा मुद्दाम आरशासारखा वागवलेला असतो. तसे केले नाही, तर तुम्ही उजवीकडे सरकल्यावर पडद्यातले तुम्ही डावीकडे सरकाल आणि चौकटीत नीट उभे राहता राहता पुरेवाट होईल. जन्मभर आपल्याला आरशाचीच सवय! छापताना मात्र यंत्र चित्र सुलट करते, कारण पाहुण्यांच्या हातात ‘वधूपक्ष’, ‘वरपक्ष’ अशा पाट्या असतात; त्या उलट्या छापून कशा चालतील?

आणि वाकड्या तोंडाचे काय? कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो. भुवई किंचित वर, भांग एका बाजूला, हसताना एक गाल जास्त फुगलेला. आरशात या बाजूंची अदलाबदल होते आणि तोच चेहरा आपल्या ओळखीचा होतो. १९७७ साली मीटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थिनींना त्यांचाच फोटो सुलट आणि उलट असा दोन प्रकारे दाखवला. त्यांना स्वतःला बहुधा आरशातल्यासारखा फोटो आवडला. त्यांच्या जवळच्या माणसांना मात्र सुलट! आत्याचा फोटो आम्हा सर्वांना छानच वाटला होता, हे येथे नमूद करतो.

तेवढ्यात एका चुणचुणीत मुलाने विचारले, “काका, कागद सारखा आत-बाहेर का करतोय? मशीन बिघडलं का?” निरीक्षण अचूक होते. कागद चार खेपा करतो. यंत्रात एक लांब फीत असते. तिच्यावर पिवळा, किरमिजी आणि आकाशी निळा असे रंगांचे पट्टे ओळीने असतात. फितीच्या पाठीला इंचाला तीनशे या हिशोबाने बारीक तापणारे बिंदू टेकतात. बिंदू जितका जास्त तापेल तितका जास्त रंग कागदाच्या लेपात शिरतो. तीन खेपांत तीन रंग आणि चौथ्या खेपेत वर पारदर्शक संरक्षक थर. या पद्धतीला ‘डाय सब्लिमेशन’ म्हणतात. सब्लिमेशन म्हणजे संप्लवन, कापूर हवेत उडतो तो प्रकार. नाव तितकेसे बरोबर नाही. रंग मुख्यतः वाफ होऊन उडत नाही, उष्णतेने फितीतून कागदात झिरपतो.

फितीतला जो रंग कागदात गेला, त्याची जागा फितीवर मोकळी राहते आणि तो पट्टा पुन्हा वापरत नाहीत. फोटोवाल्याकडून मी वापरलेल्या फितीचा तुकडा मागून घेतला आणि दिव्यासमोर धरला. नवरदेवाची काळीभोर दाढी तेथे जवळजवळ कोरी होती आणि आत्याचे पांढरे केस गडद पिवळे! म्हणजे प्रत्येक पाहुण्याची ‘निगेटिव्ह’ त्या फितीवर उरली होती. ती गुंडाळी तो तशीच कचऱ्याच्या डब्यात टाकणार होता. लोकांचे चेहरे असे टाकणे मला बरे वाटले नाही. मी तसे म्हटल्यावर त्याने कात्री घेतली.

ही करमणूक नवी नाही बरे. सायबेरियात जन्मलेल्या अनातोल जोसेफो यांनी १९२५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर असे स्वयंचलित यंत्र लोकांसाठी खुले केले. २५ सेंटमध्ये ८ फोटो, सुमारे ८ मिनिटांत! १९२७ मध्ये त्यांनी त्याचे हक्क दहा लाख डॉलरला विकले. अशा यंत्रांत निगेटिव्ह नसे. कागदावर थेट चित्र उमटे. प्रकाश पडलेल्या जागी आधी काळी चांदी तयार होई, ती पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लाच्या द्रावणात धुऊन जाई आणि मागे उरलेले सिल्व्हर ब्रोमाइड पुढे काळे केले जाई. म्हणजे उजेडाच्या जागी पांढरे, अंधाराच्या जागी काळे. गंमत अशी, की भिंगातून थेट कागदावर घेतलेले चित्र आरशासारखेच उलटे येते. मध्ये एखादा आरसा वा प्रिझम घातला, तरच पदर योग्य खांद्यावर येतो.

आता घरी करून पाहा. दोन सपाट आरसे काटकोनात उभे करून कडेला कडा भिडवा आणि बरोबर सांध्यात पाहा. दोनदा परावर्तन झाल्यामुळे तेथे तुमचा सुलट चेहरा दिसेल, जगाला दिसतो तसा. दुसऱ्या दिवशी मी आत्याला असेच आरशांपुढे बसवले. ती कपाळावरची बट सारायला गेली, तर हात भलतीकडेच जाऊ लागला. तीनदा चुकल्यावर तिने एक आरसा उचलून बाजूला ठेवला आणि उरलेल्या आरशात निवांत वेणी घातली.