रामनाम आधार आश्रमाचा वारस

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते लोकांच्या पैशावर, कुठल्या संस्थानिकाच्या पदरी राहून नव्हे. पुढे मुंबईत उभारलेली इमारत मात्र कर्जापायी लिलावात गेली. अखेरची वर्षं बुवा नाशिकला रामनाम आधार आश्रमात राहिले. तिथे रामायणावर प्रवचनं होत, रामधून होई आणि गाणं देवापुढे गायलं जाई. बुवांचा मुलगा दत्तात्रेय, म्हणजेच बापूराव, लहानपणी हेच ऐकत होता.

१९३१ मध्ये बुवा गेले तेव्हा बापूराव दहा वर्षांचे होते. इमारत हातची गेली होती, पण बुवांनी वर्षानुवर्षं घरी ठेवून, जेवूखाऊ घालून तयार केलेले शिष्य होते. तीच त्यांची खरी कमाई, असं मला वाटतं. चिंतामणराव पलुस्करांनी मुलाला हाताशी धरलं. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात विद्यालय काढलं होतं, तिथे पुढची तालीम झाली. नारायणराव व्यासांनी शिकवलं. मिराशीबुवा तर बुवांचे गुरुबंधू, त्यांचंही मार्गदर्शन मिळालं. वडिलांनी वाटलेली विद्या अशी अनेक हातांनी मुलाकडे परत आली.

चौदाव्या वर्षी बापूराव जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायले. पंजाबात वडिलांचं नाव अजून ताजं होतं. असं नाव पाठीशी असलं की पहिली मैफल मिळते, पण दुसरी स्वतःच्या गळ्यावरच मिळवावी लागते.

ग्वाल्हेरची गायकी जुनी, चिजाही पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या. त्या घेऊन हा तरुण अशा काळात उभा राहिला, जेव्हा ऐकणारा रेडिओ आणि ग्रामोफोनपुढे बसला होता. १९४४ मध्ये त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मिळत. तेवढ्यात राग दाखवायचा, स्थायी-अंतरा मांडायचा, ताना घ्यायच्या, समेवर यायचं. बापूरावांच्या तबकडीत कुठे धावपळ जाणवत नाही. पहिल्या दोन-चार स्वरांतच राग समोर उभा राहतो, शब्द स्वच्छ कानावर पडतात, तान मोत्यांच्या सरीसारखी सुटी-सुटी उतरते. कमी वेळात गाणं म्हणजे पातळ गाणं, हा समज त्यांनी खोटा ठरवला. जुनं संगीत नव्या श्रोत्याकडे नेताना त्याची ठेवण कशी सांभाळावी, याचा इतका चोख नमुना मला दुसरा ठाऊक नाही.

भजनांनी त्यांना घरोघरी नेलं. रामधून ऐकत वाढलेल्या गळ्याला भजन उसनं घ्यावं लागलं नाही. १९५२ च्या ‘बैजू बावरा’ चित्रपटातल्या जुगलबंदीत तानसेनासाठी अमीर खाँ आणि बैजूसाठी बापूराव गायले. वयाने आणि अनुभवाने थोर गायकासमोर त्यांचा आवाज कुठेही दबलेला नाही.

१९५५ मध्ये सांस्कृतिक शिष्टमंडळातून ते चीनला जाऊन आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेंदूज्वराने गेले, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. ख्याल गायकाचं गाणं पिकायला लागतं ते चाळिशीनंतर. बापूरावांचं जे आपण आज ऐकतो, ते सगळं त्याआधीचं आहे.