मानोऱ्याहून लाटांकडे: सर्फिंगला निघण्याआधी

मानोरा ते कोकण हा शेकडो किलोमीटरचा प्रवास. त्यामुळे एकाकी किनाऱ्यावरच्या सर्फिंगची तयारी घरीच करून निघावे.

हंगाम : ऑक्टोबर ते मे. नवशिक्यांनी पावसाळ्यात पाण्यात उतरूच नये. यांत्रिक मासेमारीलाही 1 जून ते 31 जुलै बंदी असते.

भरती : तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला ती तीनच्या सुमारास येते आणि दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग.

लाट : उंचीच्या साधारण सव्वापट खोलीवर लाट फुटते. वाळूचा तळ सरकत राहतो, म्हणून फुटण्याची जागाही बदलते. ओहोटीला किनाऱ्यावरून तळ पाहून ठेवावा.

वारा : सकाळचा मतलई वारा जमिनीकडून वाहतो आणि लाटेचा चेहरा स्वच्छ ठेवतो. दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने पाणी विस्कटते.

अंदाज : हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेचे लाटांचे इशारे आदल्या दिवशी पाहावेत. दोन लाटांमधले अंतर 12 सेकंदांहून जास्त असेल, तर कमी उंचीची लाटही जोरकस असते.

ओढ : फुटत्या लाटांमधला शांत दिसणारा पट्टा आत खेचणारा असू शकतो. त्यात सापडल्यास बोर्ड सोडू नये, किनाऱ्याला समांतर सरकावे.

मदत : एकट्याने जाऊ नये. स्थानिक मच्छीमारांना आधी विचारावे. आणीबाणीत 112, तटरक्षक दल 1554.