ऑर्गनपाशी बसलेला सूत्रधार

भाऊबीज झाली, धानाची कापणी उरकत आली की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या गावांत एकच विचारणा सुरू होते: औंदा नाटक कोणतं? भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. इथली रंगभूमी या दिवसांत जागी होते आणि उन्हाळा लागेपर्यंत झोपत नाही.

तिचं ठाणं वडशाला. सरकारदप्तरी गावाचं नाव देसाईगंज, पण नाटकवाल्यांसाठी ते वडसाच. नाट्यकंपन्यांची कार्यालयं इथे आहेत. खेड्यातलं मंडळ येतं, नाटक ठरवतं, तारीख घेतं, बयाणा देऊन जातं. कंपनीला ठरलेली रक्कम मिळते. तिकीटविक्री मंडळाची, आणि गल्ला कमी भरला तर तोटाही मंडळाचाच. जिवंत कलेची किंमत काय, हा प्रश्न शहरात परिसंवादात विचारला जातो. इथे वर्गणी काढणारी, मंडप उभारणारी पोरं आपल्या खिशातून त्याचं उत्तर देतात. मला या रंगभूमीबद्दल जो आदर वाटतो, त्याचं पहिलं कारण हे.

मंडईची जत्रा किंवा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल त्या रात्री नाटक. लेकी माहेरी आलेल्या, घरोघरी पाहुणे. दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि भरतवाक्य म्हणेस्तोवर पहाट होते. ब्लँकेटं पांघरून माणसं रात्रभर बसतात. त्यांना इतका वेळ बांधून ठेवण्यात नटांचा वाटा मोठा, पण रंगमंचासमोर, प्रेक्षकांकडे पाठ करून बसलेल्या वादकांचा वाटा आपण फार कमी मोजतो. ऑर्गन, तबला, ढोलकी, अलीकडे ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड. या लहानशा ताफ्याचा म्होरक्या ऑर्गनवाला.

त्याचं काम समजून घ्यायचं तर एक गोष्ट ध्यानात हवी. हंगामात नट आज या गावात, उद्या त्या गावात असतो. रोज वेगळं नाटकही वाट्याला येतं. तालमींना सवड थोडी, म्हणून प्रॉम्प्टर लागतो. प्रॉम्प्टर शब्द देतो. सूर देणारा मात्र ऑर्गनवालाच. संवादाचं शेवटचं वाक्य सुरू असतानाच तो पट्टी धरतो. डिसेंबरच्या थंडीत मध्यरात्रीनंतर गळा बसू लागला, तर गाणं खालच्या पट्टीत घेतो. नट कडव्यावर यायला चुकला तर धृपदाचे सूर फिरवत ठेवतो आणि मानेच्या इशाऱ्याने तबलजीला थोपवतो. ‘वन्स मोअर’ आला की कुठून उचलायचं, हेही त्यानेच ठरवायचं. यातलं काहीही आधी ध्वनिमुद्रित करून आणता येत नाही. मुद्रित सुरावट गाणाऱ्याची वाट पाहत नाही.

हे नेतृत्व पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या शेजारी ठेवून पाहावं. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये २००६ साली ‘सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ उभा राहिला. त्याच मुंबईत मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी काढली होती. त्यांचे पुत्र झुबिन मेहता पुढे १९७८ ते १९९१ या काळात न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीत-दिग्दर्शक होते. अशा वाद्यवृंदाचा संचालक स्वतः एकही वाद्य वाजवत नाही. प्रत्येकापुढे स्वरलिपी असते, आणि संचालकाचं बरंचसं काम तालमीतच उरकलेलं असतं. झाडीपट्टीच्या ऑर्गनवाल्याला तालमीचा हा आधार नाही. हातांनी वाजवत, डोळे नटाच्या श्वासावर ठेवून तो नेतृत्व करतो. दोन्हीकडे नेता प्रेक्षकांकडे पाठ करून बसतो किंवा उभा राहतो, आणि दोन्हीकडे दुसऱ्याचं ऐकणं हीच त्याची पहिली पात्रता. पण चूक झाल्यावर त्याच क्षणी ती सावरण्याची कला मला वडशाच्या वादकांत अधिक तयार दिसते.

रंगमंचासमोरची वादकांची ही बैठक मूळची संगीत नाटकाची. गंधर्व नाटक मंडळीत अहमदजान थिरकवा तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला बसत. पुण्या-मुंबईच्या व्यावसायिक नाटकातून असा वादकवृंद जवळजवळ नाहीसा झाला. पार्श्वसंगीत यंत्रातून येऊ लागलं. झाडीपट्टीने तो टिकवला. इथल्या दंडार या लोकनाट्यात गाणं, नाच आणि सोंग एकत्रच होतं, त्यामुळे गाणारा नट इथल्या माणसाला कधी परका वाटलाच नाही.

२०२३ साली कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे झाडीपट्टी नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग आणि आठशे भूमिका त्यांच्या नावावर आहेत. ‘विदर्भाचे दादा कोंडके’ ही ओळख त्यांना लोकांनी दिली. नक्षलग्रस्त भागात रात्री माणसं निर्धास्त एकत्र बसतात, हसतात, ही गोष्टच मोठी. खुण्यांच्या विनोदाचं मोल तिथे कळतं. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावचे सदानंद बोरकर यांच्यासारख्या लेखक-दिग्दर्शकांनी शेतकऱ्याचं दुःखही याच मंचावर आणलं.

संकटं आली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली आणि शंकरपट थांबले. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली. पट बंद होते तेव्हाही नाटकं चालू राहिली. करोनाने मात्र मंडपच उभे राहू दिले नाहीत, आणि हंगामाच्या कमाईवर वर्ष काढणारी घरं उघडी पडली. आता रेकॉर्डवरच्या नाचांचे कार्यक्रम नाटकाशी स्पर्धा करतात. त्यांना वादक लागत नाहीत, म्हणून खर्च कमी.

मला खरी काळजी वाटते ती इथे. नट तयार व्हायला गावोगावी हौशी मंच आहेत. ऑर्गनवाला मात्र जुन्या वादकाशेजारी हंगामामागून हंगाम बसूनच तयार होतो. ते शेजारी बसणं थांबलं तर विद्या जाईल. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, आणि चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. झाडीपट्टीच्या साथसंगतीचा एक अभ्यासक्रम तिथे सुरू व्हावा, वडशाच्या वादकांना पदवी न विचारता शिकवायला बोलवावं, आणि विद्यार्थ्यांची परीक्षा वर्गात न घेता भर हंगामात, एखाद्या गावच्या मंडपात, चालू प्रयोगात घ्यावी.