जुनी मोटरसायकल : वहीतील मोल आणि रस्त्यावरील मोल

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने 1996 मध्ये उत्पादन थांबविले. तरी तिची येझदी सोलापुरात आजही एखाद्या दुकानामागे धूळ खात उभी आढळते. आयकराच्या पद्धतीने दरवर्षी घटत्या किमतीवर 15 टक्के घसारा धरल्यास 15 वर्षांनी शंभर रुपयांचे जेमतेम नऊ रुपये उरतात. गाडीचे रस्त्यावरील मोल मात्र निगेवर ठरते.

पाना हाती घेण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत. नोंदणीस 15 वर्षे झाली असल्यास नूतनीकरण लागते. विमा आणि पीयूसी हवेतच. वडिलांची गाडी असल्यास वारसाच्या नावे करून घ्यावी.

त्यानंतर टाकीतील जुने पेट्रोल काढून गंज तपासावा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पेट्रोल उडून कार्बोरेटरच्या जेटमध्ये चिकट थर साचतो. तो साफ करावा. मग प्लग आणि पॉइंट पाहावेत. येझदी टू-स्ट्रोक असल्याने पेट्रोलमध्ये योग्य प्रमाणात ऑइल मिसळावेच लागते, अन्यथा पिस्टन जाम होतो.

इंजिन सुरू होताच फेरफटक्याचा मोह होतो. तो आवरून ब्रेक, केबल आणि टायर आधी पारखावेत. इंजिन बंद पडल्यास गाडी ढकलता येते. ब्रेक न लागल्यास सावरायला अवधी मिळत नाही. म्हणून ब्रेकवरील काटकसर ही बचत नव्हे, जोखीम होय.