वजन सेम, डोस सेम, मग रक्तात फरक का?

बायोफार्मास्युटिक्स अँड फार्माकोकायनेटिक्सचा पेपर दिलाय? मग हाफ-लाइफ, क्लिअरन्स, व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्युशन हे सगळं तुम्हाला पाठ असेल. पाठ, असं मुद्दाम म्हणतेय. सूत्रात आकडे घालायचे, उत्तराखाली दोन रेघा मारायच्या, संपलं!

आता लॅपटॉपवर ‘आर’ हे सॉफ्टवेअर टाका. फुकट आहे. उघडल्यावर ‘थिओफ’ एवढंच इंग्रजीत टाइप करा (पहिलं अक्षर कॅपिटल). समोर 132 ओळी येतील. थिओफायलिन हे दम्याचं जुनं औषध. ते 12 जणांना एकदाच दिलं आणि साधारण 25 तासांत प्रत्येकाच्या रक्तातलं प्रमाण 11 वेळा मोजलं, त्याची ही नोंद.

त्यातला पहिला आणि सहावा माणूस शेजारी ठेवा. वजन 79.6 किलो आणि 80 किलो. डोस किलोमागे 4.02 आणि 4 मिलिग्रॅम. म्हणजे जवळपास सेम टू सेम. पण पहिल्याच्या रक्तातलं प्रमाण चढलं लिटरमागे 10.5 मिलिग्रॅमपर्यंत, सहाव्याचं 6.44 वरच थांबलं. दुसऱ्या दिवशी पहिल्याकडे 3.28 शिल्लक, सहाव्याकडे 0.92! या औषधाची पारंपरिक मर्यादा 10 ते 20. खाली राहिलं तर दमा आटोक्यात येत नाही, फार वर गेलं तर उलट्या, धडधड, अगदी फिट्ससुद्धा. रोज गोळी सुरू झाली की हा फरक साठत जातो. मग दोघांना एकच डोस लिहून द्यायचा का?

फार्माकोमेट्रिक्स सुरू होतं ते इथून. सगळ्यांची सरासरी किती, आणि प्रत्येक जण त्या सरासरीपासून किती लांब, हे दोन्ही एकाच मॉडेलमध्ये बसवायचं. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को कॅम्पसमध्ये लुइस शायनर आणि स्टुअर्ट बील यांनी त्यासाठी ‘नॉनमेम’ हा प्रोग्रॅम बनवला. त्याला लायसन्स लागतं. पण ‘एनएलमिक्सआर-टू’ आणि ‘एमआरजीसॉल्व्ह’ ही आरमधली पॅकेजेस मोफत आहेत आणि त्यांच्या ट्युटोरिअल्समध्ये हेच थिओफायलिन वारंवार भेटतं.

वाचायला काय घ्याल? डायान मोल्ड आणि रिचर्ड अप्टन यांची 2012 पासून तीन भागांत आलेली ट्युटोरिअल मालिका. तीही मोफत. पहिला भाग वाचताना निम्मं डोक्यावरून जाईल, जाऊ द्या. बायोलॉजीवाल्यांनो, पहिल्या सेमिस्टरचं रेमेडियल मॅथ्स कसंबसं काढलं असेल, तर लॉगॅरिदम आणि डिफरन्शियल इक्वेशन मात्र परत काढा. त्याला शॉर्टकट नाही. आणि नुसते व्हिडिओ बघत बसू नका. दीड पट वेगाने बघितलेलं सगळं कळल्यासारखं वाटतं आणि कोरी स्क्रीन समोर आली की बोटं हलत नाहीत. सर्टिफिकेट कोर्सचे पैसेही आत्ताच भरू नका. आधी या 12 जणांचं मॉडेल स्वतः बसवून बघा. एरर येतील, शनिवार-रविवार जाईल.

ते जमलं, की प्रत्येकाच्या 11 नमुन्यांतले दोनच ठेवा, बाकी उडवा आणि मॉडेल पुन्हा चालवा. उत्तर किती बदललं ते बघा. वॉर्डातल्या चार वर्षांच्या मुलाचं रक्त 11 वेळा कोण काढणार? तिथे दोन-तीन नमुन्यांवरच डोस ठरवायचा असतो.